अस्वलकाकूंचा आग्रह

एका जंगलात एक अस्वलीण राहत असे, आणि तिच्याहून मोठा होता तिचा आग्रह! गुहेच्या दारात आलेल्या कोणालाही ती उपाशी परत पाठवत नसे. शेजारच्या जांभळाच्या ढोलीत एक मांजर एकटीच राहायला आली, तेव्हा तर अस्वलिणीच्या मायेला भरतेच आले. "किती गं वाळलीस!" असे म्हणत तिने मोहाची फुले, कंद, मक्याची कणसे पुढे मांडली आणि त्यांवर मध ओतला. मांजर बिचारी भिडस्त. कसेबसे खाऊन ती म्हणाली, "किती गोड आहे हो, काकू!" झाले! त्या दिवसापासून दोन्ही वेळचे जेवण काकूंकडेच.

आता मुलांनो, अस्वलाला हे सगळे छान मानवते. मांजरीला ते कसे मानवावे? ती नुसती फुगत गेली, अंगात बळ मात्र राहिले नाही. सारखी तहान लागे आणि ओढ्यावर खेपा घालूनच ती दमून जाई. ती मलूल दिसली की अस्वलीण म्हणे, "अशक्तपणा आलाय तुला. अजून एक कणीस घे, तुला माझी शपथ!"

एके दुपारी ओढ्याकाठी रानकुत्र्यांनी मांजरीला गाठले. ती झाडाकडे धावली, पण उडी मारताना मागचे पाय उचललेच नाहीत आणि ती धपकन खाली पडली. अस्वलीण गुरगुरत धावून आली, म्हणूनच तिचा जीव वाचला. "अगं, रोज एवढं खातेस, मग उडी का मारता येईना?" तिने घाबरून विचारले. मांजरीला रडू कोसळले. "काकू, मला मासे लागतात, उंदीर लागतात. आमचं बळ त्यातच असतं. हे कंद नि कणसं माझ्या पोटाला झेपत नाहीत."

"मग रोज गोड गोड म्हणून कौतुक करायचीस, ते?"

मांजरीने मान खाली घातली. "आम्हा मांजरांच्या जिभेला गोड कळतच नाही, काकू. तुमचं मन मोडवेना, म्हणून म्हणायचे."

जिच्यावर एवढा जीव लावला तिलाच आपण आजारी पाडले, याचे अस्वलिणीला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी ती स्वतः ओढ्यात उतरली आणि मासे धरून घेऊन आली. मग रोजच आणू लागली. हळूहळू मांजरीची तहान कमी झाली, अंग सडसडीत झाले आणि ती जांभळाच्या शेंड्यापर्यंत चढू लागली. एकदा माशांच्या वासाने नाक दाबून बसलेल्या अस्वलिणीने हळूच विचारले, "आता खरं सांग हं, कसा आहे?"

"फार चविष्ट, काकू!" मांजर म्हणाली आणि कोणी आग्रह करायच्या आत तिने दुसरा मासा उचलला.

तात्पर्य : आपल्याला आवडते ते नव्हे, तर ज्याच्या त्याच्या पोटाला मानवते ते प्रेमाने वाढावे, आणि मानवत नसेल ते मायेच्या माणसालाही मोकळेपणाने सांगावे.