मिणी आणि विस्कटलेली वस्ती

आभाळाच्या अगदी कडेला ताऱ्यांची एक वस्ती होती. दाटीवाटीची. एकाने कूस बदलली की शेजारच्याला जाग यायची. सगळे एकाच ढगातून जन्मलेले, म्हणजे एका चुलीवरचेच म्हणा ना. त्यामुळे साऱ्यांच्या उजेडाला तीच तांबूस झाक. मधोमध ठिणगूआत्या बसायची आणि सगळ्यांवर नजर ठेवायची. पार बाहेरच्या कडेला होती मिणी, सगळ्यांत धाकटी चांदणी.

आकाशगंगा नावाच्या महाराणीभोवती सगळ्या वस्तीने मिळून फेरी घालायची, असा तिथला रिवाज. पण महाराणीचा महाल जवळ आला की ती अशी काही ओढून घ्यायची, की कडेचा कुणीतरी सुटायचाच. म्हणून आत्या बजावायची, "जत्रेत पोर हरवलं तर त्याने जागेवर उभं राहावं. आभाळात उभं राहता येत नाही, बाळांनो. सुटलात तर फेरीची वाट तेवढी सोडू नका."

"आणि वस्ती दिसेनाशी झाली तर?" मिणीने विचारलं.

"मग तर मुळीच सोडायची नाही!"

एका फेरीला महाराणीकडच्या कडेचा ढवळू नावाचा तारा सुटला आणि आतल्या आखूड वाटेने भरभर पुढे निघून गेला. पुढच्याच फेरीला मिणीची पाळी आली. ती बाहेरच्या अंगाची, तिची वाट लांबची, म्हणून मागे मागे पडत गेली. "आत्या! अगं आत्या!" हाका मारून दमली बिचारी. वस्तीचा उजेड मुठीएवढा झाला, मग मोहरीएवढा, आणि मग दिसेनाच.

मिणीला काही केल्या करमेना. ढवळू तिला काजवा म्हणून चिडवायचा, तेव्हा ती रुसून बसायची. आता वाटे, कुणी एकदा तरी काजवा म्हणावं.

चालता चालता महाराणीची पेठ लागली. नुसता लखलखाट! वाटेकडेच्या एका निळ्या चांदणीने तिला हटकलं, "कोणाची गं तू?"

"ठिणगूआत्याच्या वस्तीतली."

"अगं, ती वस्ती तर कधीच विस्कटली म्हणे. आता कोणासाठी एकटी भटकतेस? ये, आमच्यात बस. चार जणींत जीव रमेल."

मिणीचा पाय घुटमळला. किती दिवसांनी कुणी "ये, बस" म्हणालं होतं! पण इथे बसली, तर आत्या शोधत आली तरी तिला या झगमगाटात सापडणार कशी?

"नको," मिणी म्हणाली. "आत्याने वाट सोडू नको म्हणून सांगितलंय."

"कोण आत्या? कुठे दिसतेय ती?"

"दिसत नाही, म्हणूनच मुळीच सोडायची नाही," असं म्हणून डोळे पुसत ती पुढे निघाली.

पेठ मागे पडली. अंधार झाला. आणि मागून ओळखीचा आवाज आला, "ए काजव्या, जरा हळू की!"

ढवळू! पुढे गेलेला ढवळू उरलेली फेरी पुरी करून मागून येत होता. "पेठेत माझी वाटच चुकत होती," तो म्हणाला. "तेवढ्यात तुझा तांबूस ठिपका दिसला. म्हटलं, हा उजेड आपल्याच चुलीचा. तू तिथे बसली असतीस ना, तर मीही बसलो असतो."

आता अंधाराला मिणीचे डोळे सरावले. पुढे दूरवर एक तांबूस ठिपका चालला होता. त्याच्या पुढे आणखी एक, त्याच्याही पुढे एक. ही तर वस्तीतलीच मंडळी, एकामागे एक चाललेली! आत्याची मधोमधची जागा रिकामी झाली होती. आत्यासुद्धा ओळीत आली होती.

मिणी जिवाच्या आकांताने ओरडली, "आत्या, आपली वस्ती कुठे गेली गं?"

कितीतरी वेळाने लांबून आत्याचा आवाज आला, "जाते कुठे? माझ्यापासून तुझ्यापर्यंत आहे की!"

पुन्हा कुशीत शिरणं काही मिणीच्या नशिबी आलं नाही. पण मागच्याला दिसावं म्हणून ती उजेड कधी कमी होऊ देत नाही.

तात्पर्य: घर विखुरलं तरी घरच्यांनी दाखवलेली वाट सोडू नये; आपण त्या वाटेवर राहिलो, तरच मागून येणाऱ्याला आपलं माणूस सापडतं.