ब्रेकचं रबर

फार जुनी नाही, बॅटरीवर सायकली पळू लागल्या तेव्हाची गोष्ट. यशवंता गुरवाने खंडेनवमीचा मुहूर्त साधून आपल्या सायकलीला दुप्पट वेगाची मोटर बसवली. पूजेत मोटरीला झेंडूचा हार मिळाला, बॅटरीपुढे नारळ फुटला. झिजलेल्या ब्रेकला मात्र कुंकवाचं बोटही लागलं नाही.

"मोटरताई, मालकांना सांगून मला नवं रबर मिळेल का?" ब्रेकने दबकत विचारलं.

मोटरीने नाक मुरडलं. "तुमचं काम काय, तर चालत्याला अडवायचं! सणासुदीला असलं बोलू नये."

दुपारी देवळाच्या उतारावर म्हैस आडवी आली, तेव्हा पहिली किंचाळली ती मोटरच, "ब्रेकदादा, धरा हो!" ब्रेकने जीव खाऊन चाक धरलं, पण होतं नव्हतं ते रबरही गेलं. यशवंता सायकलीसकट उकिरड्यात पडला. म्हैस जागची हलली नाही. तिने हार तेवढा खाऊन टाकला.

घरी गुडघ्याला हळद लावता लावता यशवंता बायकोला म्हणाला, "चूक कळली गं मला."

ब्रेकच्या जिवात जीव आला.

"उद्याच मोठा हॉर्न बसवतो. म्हशीला ऐकूच आलं नसणार."