सळ्या सोडलेलं सॉफ्टवेअर

सिन्नरच्या साइटवर स्लॅबची तयारी झाली, ऐंशी मजूर घमेली घेऊन उभे राहिले, आणि सिमेंटची गाडी गेली राहुरीला! राहुरीत सिमेंट नको होतं, तिथे फरशी हवी होती. फरशी कुठे गेली, ते कोणालाच माहीत नव्हतं!

संगमनेरच्या ऑफिसात विश्वंभर गाडेकर बिल्डर टेबलावर मुठी आपटत होते. एका साइटच्या सात साइट झाल्या, तरी सगळा कारभार अजून वह्यांत! सॉफ्टवेअर विकणारे तिघे दोन महिने खेटे घालत होते, पण शेठचं काही ठरत नव्हतं.

"नुसते प्रश्न नि उत्तरं! कान किटले माझे!" शेठ गरजले. "उद्या संध्याकाळपर्यंत कोण निवडून देतो? मात्र विकणाऱ्यांना एकही प्रश्न विचारायचा नाही, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, आणि आपल्या लिंबाजी मुकादमाला ते जमलं पाहिजे!"

लिंबाजीला! ज्याला वाजणारा फोन उचलतानाही घाम फुटायचा! सगळे इंजिनियर खिडकीबाहेर बघू लागले.

"मी निवडते," मंदा भोर म्हणाली. गवंड्याची ही मुलगी शेठचं गोदाम सांभाळायची.

"चुकलीस तर गोदाम सुटलं! खडी मोजायला बसवीन!"

"आणि जमलं तर?"

"मागशील ते देईन!"

दुसऱ्या दिवशी मंदाने तिघांना सिन्नरच्या साइटवर, थेट तळघरात नेलं. समोर सिमेंटची गाडी उभी.

"लिंबाजीकाका आता गाडीची नोंद करतील. तुम्ही एकेकाने आपापलं सॉफ्टवेअर फोनवर उघडून त्यांच्या हातात द्या," एवढंच ती म्हणाली.

पहिला होता टायवाला. त्याच्या सॉफ्टवेअरला एकशेवीस बटणं! लिंबाजीने घाबरत एक दाबलं, दुसरं दाबलं आणि ओरडला, "साहेब, गाडी रजेवर गेली म्हणतंय हे!"

दुसऱ्याच्या फोनला तळघरात रेंज मिळेना. तो बाहेर पळाला, वाळूच्या ढिगावर चढला, फोन डोक्यावर धरून गोलगोल फिरला. गाडी रिकामी होऊन निघूनही गेली, तरी तो फिरतोच आहे!

तिसरी होती शबाना, नाशिकची. तिच्या सॉफ्टवेअरला बटणं चार, त्यांवर चित्रं. लिंबाजीने सिमेंटने माखलेल्या अंगठ्याने गाडीचं चित्र दाबलं, गोण्यांचा आकडा घातला.

त्याचा अंगठा पुढचं चित्र शोधू लागला.

"आता काही दाबायचं नाही काका, झालं! वर रेंज आली की नोंद आपोआप शेठच्या फोनवर जाईल."

लिंबाजी धावत जिना चढला. तेवढ्यात संगमनेरहून शेठचाच फोन! या वेळी लिंबाजीने तो पटकन उचलला.

"लिंबाजी, दोनशे गोण्या पोचल्या म्हणून कोणी कळवलं रे?"

"मी कळवलं, शेठ! मी!" आणि मुकादम भर साइटवर नाचला!

संध्याकाळी मंदा शबानाला घेऊन ऑफिसात आली.

"प्रश्न विचारले असशील तू!" शेठ म्हणाले.

"एकही नाही. काम सांगितलं, उत्तरं आपोआप बाहेर पडली!"

"पण चारच बटणं? माझा पसारा वाढतोय, पोरी! उद्या सत्तर साइट झाल्या तर?"

"शेठ, एखाद्याला आज दोनच मजले हवेत, पुढे आणखी चढवायचेत. मग तिसऱ्या मजल्याच्या भिंती आपण आजच बांधतो का?"

"वेडी का खुळी तू? पाया भक्कम घालायचा, नि पुढच्या मजल्यासाठी गच्चीवर सळ्या सोडायच्या!"

मंदा शबानाकडे वळली. "ताई, आठवी साइट उघडा."

शबानाने फोनवर बोट टेकवलं. सातच्या खाली आठ उमटलं!

"बघा शेठ," मंदा म्हणाली, "या सॉफ्टवेअरनेही सळ्या सोडल्यात!"

शेठ असे हसले, असे हसले, की टेबलावरचे नकाशे खाली घरंगळले!

"माग पोरी, काय मागतेस?"

"आठव्या साइटचा सगळा कारभार माझ्या हाती. आणि आठही साइटवर कामकरी बायांना धड संडास!"

"दिलं! आणि संडास आधी!" शेठ डोळे पुसत म्हणाले.