दोन वाटांची एक होडी

फार पूर्वी, पेशीतली बडबड पाखरांनाही ऐकू येई तेव्हा, एका चिमणीमागे ससाणा लागला. तिच्या पंखांना बळ द्यायला दोन इलेक्ट्रॉन नाचत निघाले, साखऱ्या साखरेतून आणि चरब्या चरबीतून. दोघांच्या वाटा पेशीच्या आत, इलेक्ट्रॉनांना पलीकडे नेणाऱ्या क्यूभाऊ नावाड्याच्या धक्क्यावर मिळाल्या.

"मी येता येता पंखांसाठी बळ साठवणारा पंप चालवला. आधी मी बसणार!" साखऱ्या म्हणाला.

"हट्! आधी मी!" चरब्या म्हणाला.

तेवढ्यात पंख लटपटले. "अरे, दोघं बसल्याशिवाय माझी होडी सुटत नाही! चिमणी पडतेय!" क्यूभाऊ ओरडला.

दोघांनी एकमेकांचे हात धरून उडी मारली. होडी गरगरत पलीकडे गेली. तिथून वाटेतले आणखी पंप चालवत दोघे धडपडत, खिदळत ऑक्सिजनमावशीच्या कुशीत शिरले आणि तिच्यासोबत पाणी होऊन गेले.

पंखांत बळ आलं. चिमणी सूंकन बाभळीत घुसली आणि काट्यांआडून ससाण्याला वेडावू लागली.