ट्रामवरचे सरदार

सोनघाटच्या महाराजांनी विलायतेहून ट्राम आणली, आणि ती रिकामीच धावू लागली!

रिकामी का धावावी? गावाच्या मधोमध ट्रामचं ठेसन. ठेसनावर महाराजांनी हौसेने बांधलेली तीन मजली माडी. जिना उतरला की ट्राम! पण घरं वाटताना महाराजांनी मान पाहिला, आणि सगळी घरं सरदारांना दिली. सोनघाटात रीत अशी, की दारात बग्गी नाही तो सरदार कसला? मंडळी ऐटीत खाली उतरत, ट्रामकडे पाठ करत आणि ठेसनाखालच्या बग्गीखान्यातून आपापल्या बग्गीत बसून निघून जात. ट्राम जायची ती थेट कापडाच्या कारखान्यापर्यंत, आणि तिची खरी गरज तिथल्या विणकरांना होती. ते बिचारे नदीपलीकडून रोज पायपीट करत.

महाराज चिडले. "दसऱ्यापर्यंत ट्राम भरली नाही तर मोडीत काढीन," असं त्यांनी जाहीर केलं.

ट्राम हाकायचा रावजी. ट्राम गेली की त्याची नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर राहती खोलीही. बापाचा उतरलेला चेहरा लेकीला पाहवेना. ठकू सरळ दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, ट्राम मी भरून दाखवते."

"तू? बरं, मग ऐक. एकाही सरदाराला घराबाहेर काढायचं नाही. मी कुणाला हुकूम करणार नाही. आणि खजिन्यातून छदाम मिळणार नाही."

"चालेल. मला फक्त ठेसनाखालचा बग्गीखाना द्या."

दिवाण बल्लाळपंतांना हसू आवरेना. "वरची माडी सोडून पोरगी खालची लीद मागतेय!"

"दिला," महाराज म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरदार खाली उतरतात तो काय, बग्गीखाना झाडून लख्ख! एका कोपऱ्यात चहा उकळतोय, दुसरीकडे भाजीवाल्या बसल्यात, आणि बग्गी एकही नाही.

"आमच्या बग्ग्या कुठायत गं?" एक जाडजूड सरदार गरजले.

"सुखरूप आहेत, सरकार. हत्तीखान्यामागच्या मैदानात. तुमच्याच गाडीवानांनी नेऊन लावल्यात."

"गावाच्या दुसऱ्या टोकाला? आणि आम्ही तिथवर जायचं कसं?"

ठकूने ट्रामकडे बोट दाखवलं.

सरदार बसले! पगड्या सावरत, एकमेकांची नजर चुकवत, बग्गी गाठायला रोज ट्रामने जाऊ लागले. थोड्याच दिवसांत ते या प्रकाराला विटले आणि एकेक करून आपल्या जुन्या हवेल्यांत परतले, कारण तिथे बग्गी दारात उभी राहायची. रिकाम्या घराचं भाडं मात्र सोडवेना, म्हणून माडीतली घरं विणकरांना भाड्याने देऊ लागले. मग ट्रामला अशी गर्दी लोटली की रावजीला घंटा वाजवायलाही हात मोकळा मिळेना.

सरदारांनी दरबारात गाऱ्हाणं घातलं. महाराजांनी ठकूला बोलावलं.

"अट मोडलीस. माझे सरदार घराबाहेर काढलेस."

"मी एकाही सरदाराला हात लावला नाही, महाराज. मी फक्त घोडे हलवले. घोड्यांच्या मागे सरदार गेले, त्याला मी काय करू?"

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी मिशीतलं हसू कसंबसं दाबलं.

"बोलायला पटाईत आहेस. पण ट्राम भरली हे मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही. कोण आहे रे तिकडे? आमची बग्गी जोडा. आत्ता ठेसनावर जाऊ."

"जोडू द्या, महाराज," ठकू अदबीने म्हणाली. "पण ठेसनावर ती उभी कुठे करणार?"

मग महाराज असे हसले, असे हसले, की पगडी घसरून मांडीवर आली!

महाराज त्या दिवशी ट्रामने गेले. बसायला जागा नव्हती, म्हणून उभ्यानेच. उतरताना त्यांनी माडीतलं सरदारांनी सोडलेलं, अजून भाड्याने न गेलेलं सगळ्यांत मोठं घर रावजीच्या नावे करून दिलं, आणि यापुढे ठेसनावर घर कुणाला द्यायचं ते ठकूला विचारत जा, असं बल्लाळपंतांना तिथल्या तिथे बजावलं.