सखाहरी आणि विमानाची किल्ली

एका गावात एक भोळा मेहुणा होता. नाव सखाहरी. भोळे मेहुणे काय, घरोघरी असतात. पण याचे दाजी गोठ्यात विमान बांधत होते, तिथं सगळा घोळ झाला.

दाजी म्हणजे तुळशीराम फिटर. सहा वर्षं खपून त्यांनी दोन सीटचं विमान उभं केलं होतं. सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते. विमानानं एक फेरी मारून धड खाली यायचं, नाहीतर गोठा पुन्हा म्हशींचा, असं अक्कानं, म्हणजे सखाहरीच्या बहिणीनं, दाजींना बजावलं होतं.

एक दिवस सखाहरी विमानाचा पंखा पुसत होता. किल्ली बंद होती. तरी पुसताना पंखा जरा फिरला, तसं इंजिन फाडकन सुरू झालं आणि पंख्यानं त्याची टोपी पत्र्यावर भिरकावली.

दाजी धावत आले. पाहतात तर आत एक तार तुटलेली. "नीट ऐक," ते म्हणाले. "घरातल्या दिव्याची तार तुटली की दिवा विझतो. इथं उलटं. ही तार इंजिन बंद करायची आहे. ती तुटली, की किल्ली बंद असली तरी इंजिन चालू."

"तार तुटली की चालू. समजलं," सखाहरी म्हणाला. दाजींनी तार पुन्हा जोडून टाकली.

दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती. सरपंच म्हणाले, "सखाहरी, जरा माईक चालू कर." सखाहरीनं पक्कड काढली आणि माईकची तार तोडली. सरपंच तासभर बोलले, कुणालाच ऐकू आलं नाही. गावाला सभा फार आवडली, पण सरपंच दाजींच्या दारात येऊन तणतणले.

दाजींनी कपाळाला हात लावला. "अरे, तार कशाला तोडलीस? काही चालू करायचं तर आधी ओरडायचं, 'बाजूला व्हा.' समोरून 'झालो' असं उत्तर आलं, की मगच स्टार्टरचं बटण दाबायचं."

"'झालो' आल्याशिवाय बटण नाही. समजलं."

तिसऱ्या दिवशी अक्कानं मिक्सरमध्ये चटणीचं सगळं भरलं आणि "एवढं फिरवून ठेव" म्हणून ती दळण आणायला गेली. सखाहरी मिक्सरसमोर उभा राहून ओरडला, "बाजूला व्हा." घरात दुसरं कुणी नव्हतं. उत्तर येईना. तो पुन्हा ओरडला. दाजी जेवायला आले तेव्हा त्याचा घसा बसला होता आणि शेंगदाणे होते तसेच होते.

कोरडी भाकरी मोडत दाजी म्हणाले, "जवळ माणूसच नाही, तर विचारतोस कुणाला? माणूस असेल तेव्हा जपायचं. पंख्याजवळ माणूस दिसला, की किल्ली काढायची आणि खिशात टाकायची. तो लांब जाईपर्यंत कुणीही मागू दे, द्यायची नाही."

"तुम्ही मागितली तरी?"

"मी मागितली तरी," दाजी म्हणाले. बिचाऱ्यांना काय ठाऊक.

सोमवारी साहेब आले, गाव जमलं. शेजारच्या सीटवर वजन हवं म्हणून दाजींनी सखाहरीला बसवलं. विमान माळावरून धावलं, उडालं, बाभळींच्या वर गेलं. खाली साहेब टाळ्या वाजवू लागले. दाजींचे डोळे भरून आले. सहा वर्षांचं चीज झालं होतं.

सखाहरीनं समोर पंखा पाहिला. मग शेजारी पाहिलं. पंख्यापासून दोन हातांवर एक माणूस बसला होता. सखाहरीनं किल्ली फिरवली, काढली आणि खिशात टाकली.

पंखा थांबला. सगळीकडे कसं शांत झालं.

"सखाहरी," दाजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "किल्ली दे."

"नाही दाजी. तुम्ही पंख्याजवळ आहात."

"अरे बाबा, आपण आभाळात आहोत."

"म्हणून काय झालं? आधी खाली उतरा, लांब व्हा, मग देतो."

दाजी उतरले. विमानासकट, कडब्याच्या गंजीत. एक पंख या बांधावर पडला, दुसरा त्या बांधावर. दाजी कडब्यातून बाहेर आले, वीस पावलं चालले आणि डोकं धरून बसले. सखाहरीनं अंतर नीट पाहून घेतलं. मग जाऊन किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"घ्या दाजी," तो म्हणाला. "आता खुशाल चालू करा."