लाखेचे दोन लखोटे

कुंभेरीच्या राजेसाहेबांनी आपल्या मृत्युपत्राचा लखोटा वारसा कचेरीत आणला, सगुणाबाईंच्या टेबलावर ठेवला आणि फर्मावलं, "यावर शेरा द्या. उद्या दरबारात हवा."

सगुणाबाई त्या कचेरीच्या वरिष्ठ कारकून. राज्यात कोणीही मृत्युपत्र केलं, की बाईंनी ते तपासायचं, 'वाचून पाहिलं, बिनचूक आहे' असा शेरा स्वतःच्या हातानं लिहायचा आणि मगच ते तिजोरीत जायचं. नियम राजेसाहेबांनीच घातलेला. बाईंनी लखोटा उचलून पाहिला. चारही बाजूंनी लाख आणि लाखेवर राजमुद्रा.

"सरकार, उघडल्याशिवाय वाचू कशी?"

"उघडायचा नाही. माझ्यामागं कोणाला काय मिळणार, हे मी असेपर्यंत कोणाला कळता कामा नये. लाख फुटली तर कैद. शेरा मिळाला नाही तर नोकरी गेली."

शेजारी उभे असलेले कारभारी गालातल्या गालात हसले. हे डोकं त्यांचंच होतं. त्यांचा जावई तीन वर्षं घरी बसून होता आणि त्याच्यासाठी त्यांचा बाईंच्या खुर्चीवर डोळा होता. खरं तर त्या खुर्चीत डोळा ठेवण्यासारखं काही नव्हतं. एक पाय तुटका, त्याखाली वीट. नव्या खुर्चीचा अर्ज नऊ वर्षं कारभाऱ्यांच्याच दफ्तरात झोपा काढत होता. पण बाईंना ती खुर्ची वडिलांकडून आली होती. 'घर थोरल्याला आणि खुर्ची सगुणेला, कारण थोरल्याला वाचायचा कंटाळा,' असं त्यांनी मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं. आता थोरल्यासकट सगळं घर त्या खुर्चीच्या जिवावर जेवत होतं.

राजेसाहेब गेल्यावर हाताखालचे गोविंदपंत टेबलाशी आले.

"बाई, एवढा विचार कसला करताय? देऊन टाका शेरा. वंशावळींवर मी अठरा वर्षं न वाचताच देतो. वाचत बसलो तर कामं कधी उरकायची?"

"म्हणूनच परवाच्या वंशावळीत आजोबा नातवाच्या मागून जन्मले, पंत."

"पण कोणाची तक्रार आली का?"

"अहो, 'वाचून पाहिलं' असं मी लिहिलं, तर कारभारी विचारतील, लाख न फोडता वाचलं कसं? मग कैद. नाही लिहिलं तर नोकरी जाते. इकडे आड, तिकडे विहीर."

पंतांनी डोकं खाजवलं. "मग रजा टाका," ते म्हणाले. कचेरीतल्या सगळ्या रोगांवर त्यांच्याकडे तेवढंच एक औषध होतं.

बाईंनी रजा टाकली नाही. त्यांनी कपाटातून साक्षीदारांची वही काढली. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागत, आणि सही केली की त्याच दिवशी त्यांना या वहीत नाव नोंदवावं लागे. राजालाही त्यातून सूट नव्हती. बाईंनी पानं उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली, वही मिटली आणि त्या दिवशी कधी नव्हे ते वेळेवर घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. मृत्युपत्राची बातमी फुटल्यापासून राजेसाहेबांच्या तिन्ही पुतण्यांना काकांचा भारी लळा लागला होता. एक पंखा हलवत होता, दुसरा अंजीर सोलत होता आणि तिसरा काकांनी रचलेल्या कवितांना, त्या कळत नसतानाही, मान डोलावत होता.

"बाई, शेरा कुठंय?" कारभाऱ्यांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतून एक लखोटा काढला. तेवढाच मोठा आणि तसाच चारही बाजूंनी लाख लावलेला.

"हा घ्या, सरकार. माझ्या सहीनिशी."

राजेसाहेब लाख फोडणार, तोच बाई म्हणाल्या, "उघडायचा नाही, सरकार. ज्या दिवशी आपला उघडेल, त्याच दिवशी हाही उघडायचा."

"मग यात शेराच आहे, हे मला कसं कळणार?"

"आपल्या लखोट्यात मृत्युपत्रच आहे, हे मला जसं कळलं, सरकार, तसंच."

दरबारी मिशीआड हसू लपवायला लागले. कारभारी लालबुंद झाले. "सरकार, ही शुद्ध लबाडी आहे! आत कोरा कागद असणार!"

"मग कारभाऱ्यांनी तसं लिहून द्यावं, न उघडता," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि खात्रीच करायची असेल, तर दोन्ही लखोटे आत्ता इथंच, एकदम उघडू. माझी ना नाही."

पंखा थांबला. अंजीर अर्धं सोललेलं राहिलं. राजेसाहेबांनी घाईघाईनं स्वतःच्या लखोट्यावर हात ठेवला.

"काही गरज नाही!" मग त्यांनी बाईंना सिंहासनाजवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "खरं सांगा. तुमचा कागद कोरा आहे ना?"

बाईही तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या, "सरकारांच्या कागदाइतकाच."

राजेसाहेबांचा चेहरा पडला. "कोणी सांगितलं?"

"साक्षीदारांच्या वहीनं. सरकारांसाठी तिच्यात एकाही साक्षीदाराचं नाव नाही. साक्षीदार नाहीत, तर मृत्युपत्र कुठलं? पण पुतण्यांना ती वही वाचायची सवय नाही. तेव्हा अंजिरं चालू राहावीत असं वाटत असेल, तर लाख न फुटलेलीच बरी."

राजेसाहेबांनी पुतण्यांकडे पाहिलं, कारभाऱ्यांकडे पाहिलं आणि ते असे खदखदून हसले, की पगडी कानावर आली.

"शेरा मंजूर! दोन्ही लखोटे तिजोरीत ठेवा. बाईंना सोन्याच्या पाटल्या द्या. आणखी काय हवं, सगुणाबाई?"

"खुर्ची, सरकार. चार पायांची."

"कारभारी, तो अर्ज आजच्या आज काढा. आणि तुमच्या जावयालाही कचेरीत घेऊ आपण. पंतांनी शेरे दिलेल्या अठरा वर्षांच्या वंशावळी त्यानं पहिल्यापासून वाचायच्या. मोठ्यानं, पंतांना ऐकू जातील अशा."

दुपारीच सागवानी खुर्ची आली. सोबत कारभाऱ्यांचा शिपाई पोचपावती घेऊन उभा. पंतांनी सवयीनं टाक पुढं केला. "करा सही, बाई, म्हणजे हा मोकळा होईल."

बाईंनी जुन्या खुर्चीखालची वीट खिडकीत ठेवली, नवी खुर्ची टेबलाशी ओढली, तिच्यात बसल्या, डावीकडे झुकल्या, उजवीकडे झुकल्या, पाठ टेकली. मग टाक घेऊन पावतीवर लिहिलं, 'बसून पाहिलं, बिनचूक आहे.'